परदेशी शिक्षणाचे ऋण

परदेशी विद्यापीठासाठी मुलाने कर्ज काढावे काय, हा प्रश्न पांढुर्णा-सौसरच्या आमच्या जुन्या घरांतूनही आता निघतो. अमेरिकेचे संघीय सरकार आपल्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठांसाठीही कर्ज देते. आमची भिस्त बँकेवर. अशा वेळी आम्हांस १९१३ सालचे एक करारपत्र आठवते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, ही अट होती. १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतले व बडोद्यास रुजू झाले. तेथे शिपाई कागद दुरून टाकीत. राहावयास घर मिळेना. अखेर नोकरी सोडावी लागली. पुढे स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे उसने पैसे यांवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी.एस्‌सी. झाले.

ते अट पाळावयास आले होते. उणा पडला तो समाज. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून पालक सही करतो. शिकून परतलेल्यास, तो कोणत्याही घरचा असो, मानाने सामावून घेण्याची जामिनकी मात्र आम्हां सर्वांची आहे.