रविवारचा चहा

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. साडेअकराला शेवटची घंटा होते, मुले दप्तरे उडवीत फाटकाबाहेर पळतात आणि पुण्याच्या मध्यवस्तीतली ती जुनी इमारत एकाएकी मोठी वाटू लागते. गेली तीन वर्षे या वेळी आम्ही सहा-सात जण शिक्षकांच्या खोलीत मागे रेंगाळतो. मराठीच्या बाई, शास्त्राचे एक वयस्कर सर, कचेरीतले हेडक्लार्क, चित्रकलेचे मास्तर, दोन नवी शिक्षक मंडळी, मी, आणि चहाच्या निमित्ताने येऊन दाराशी टेकणारे शिपाईमामा. आठवड्यात ज्याने काही लिहिले असेल त्याने ते वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, एवढाच आमचा नियम. 'मंडळ' हा शब्द आम्ही भीतभीतच उच्चारतो. या शहरात तो शब्द फार मोठ्या माणसांनी वापरून ठेवला आहे.

गेल्या श्रावणात एक प्रसंग घडला. शास्त्राच्या सरांनी आपल्या आईवर लिहिलेली सहा पाने वाचली. अक्षर प्रयोगवहीतले, आवाज थोडा कापरा. वाचून झाल्यावर खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही, आणि ती शांतता मोडण्याची घाई मला झाली. माझ्या नावावर तीन कादंबऱ्या आहेत. पदवीच्या बाबतीत मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस. त्यामुळे या तीन पुस्तकांचा तोरा जरा अधिकच. मी म्हणालो, "सर, पहिली दोन पाने काढूनच टाका. खरा लेख तिसऱ्या पानावर सुरू होतो." मत बरोबर होते, असे मला आजही वाटते. पण पुढच्या शनिवारी सरांना बँकेत काम निघाले, त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे आले, आणि मग कारण सांगणेही थांबले.

मास्तर माणूस चुकला की पुस्तकांकडे जातो. मीही गेलो. शंभर वर्षांपूर्वी याच गावात नोकरीधंद्याच्या माणसांनी असाच उद्योग केला होता. त्यांनी एकमेकांचे कसे ऐकून घेतले, हे मला पाहायचे होते. त्या उद्योगाचे नाव रविकिरण मंडळ.

शाळेत आपण सर्वांनीच हे नाव एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केलेले असते. स्थापना 1923, स्थळ पुणे, प्रमुख कवी माधव जूलियन, यशवंत, गिरीश. मंडळाचे मूळ मात्र चहाच्या कपात होते, हे पाठ्यपुस्तक फारसे सांगत नाही. त्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून काही तरुण मंडळी रविवारी चहाला जमत आणि आपापल्या कविता वाचून दाखवीत. त्या बैठकीला त्यांनी थट्टेने 'सन टी क्लब' असे साहेबी नाव ठेवले होते. रविवारातला रवि पुढे रविकिरणात जाऊन बसला असेल काय, हा माझा आपला एक तर्क. पण चहाच्या टेबलावरून थेट सूर्यापर्यंत जाण्याची ती ऐट अस्सल पुणेरी आहे, यात शंका नाही.

ही माणसे कोण होती ते पाहा. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, फर्ग्युसन कॉलेजात फार्सी शिकवीत. शंकर केशव कानेटकर, म्हणजे गिरीश, हे शिक्षकच. विठ्ठल दत्तात्रेय घाट्यांचे आयुष्य शिक्षणखात्यात गेले. यशवंत दिनकर पेंढरकर येरवड्याच्या बालगुन्हेगारांच्या संस्थेत नोकरीला होते. शंकर काशिनाथ गर्गे, ज्यांना महाराष्ट्र 'दिवाकर' म्हणून ओळखतो, ते शाळामास्तर. यांच्या जोडीला श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई हे कविदांपत्य, द. ल. गोखले, आणि तेव्हा नुकतीच विशी ओलांडलेले गजानन त्र्यंबक माडखोलकर. यांत कोणी जहागीरदार नाही, कोणाला राजाश्रय नाही. महिन्याच्या पगारावर जगणारी ही माणसे; आठवडाभर दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या आणि रविवारी आपली वही उघडायची.

मराठी कविता मास्तरांच्या पगारावर जगली, ही गोष्ट काही त्यांच्यापासून सुरू झालेली नाही. केशवसुत मास्तरच होते. फैजपूर, धारवाड अशा गावी त्यांनी नोकरी केली आणि 1905 साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. हयातीत एकही संग्रह त्यांना पाहायला मिळाला नाही. तो निघाला 1917 साली, हरिभाऊ आपट्यांच्या हातून. घाट्यांच्या घरची गोष्ट तर याहून करुण. त्यांचे वडील दत्तात्रेय कोंडो घाटे, 'कवि दत्त', हे 1899 साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्या मुलाने मोठे होऊन 1922 साली 'दत्तांची कविता' प्रसिद्ध केली. म्हणजे बापाची कविता पुस्तकात यायला तेवीस वर्षे लागली आणि ती आणावी लागली पोराला. असा मुलगा पुढच्याच वर्षी एका कविमंडळात सामील होतो, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. एकट्या कवीचे काय होते ते त्याने घरातच पाहिले होते.

मंडळाने काम कसे केले? पहिला संग्रह 'किरण' 1923 साली निघाला. त्यामागून 'उषा', 'शलाका', 'प्रभा' अशी प्रकाशाच्या कुळातली नावे घेऊन आणखी संग्रह आले. घाटे आणि माधव जूलियन या दोघांचा मिळून 'मधु-माधव' 1924 सालचा. पुस्तके एकत्र, पण वळणे निराळी. माधवरावांनी फार्सीतून गज्जल आणली, सुनीते लिहिली, वृत्तांचा हिशेब एखाद्या गणितज्ञाच्या काटेकोरपणाने मांडला. गिरीशांनी 'अभागी कमल' आणि 'आंबराई' अशी खंडकाव्ये रचली, सामान्य घरांतली दुःखे त्यांत आणली. यशवंतांना गोड गळा आणि घरगुती जिव्हाळा यांची देणगी; त्यांची 'आई' ही कविता ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. येरवड्याच्या नोकरीत पाहिलेली कोवळी कैदी मुले मात्र त्यांच्या मनात रुतून बसली असावीत. 1932 साली 'बंदीशाळा' या खंडकाव्यात ती बाहेर आली. कचेरीत गेलेला दिवस लेखकाचा फुकट गेला असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावे.

आणि दिवाकर! कवींच्या या मेळ्यात हा माणूस गद्य लिहीत होता. ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांवरून त्यांना नाट्यछटा सुचली. पहिली लिहिली 1911 साली, आणि सगळ्या मिळून एक्कावन्न. एकच पात्र बोलते आणि त्याच्या बोलण्यातूनच त्याचा ढोंगीपणा उघडा पडतो. 1931 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. नाट्यछटांचे पुस्तक त्यांच्या मागून निघाले. आजही पुण्यात शाळकरी मुलांच्या नाट्यछटांच्या स्पर्धा होतात. आमच्या शाळेतली पाचवीची मुलगी डोळे मोठे करून हातवारे करते तेव्हा ती एका मास्तराचेच देणे फेडीत असते, हे तिच्या गावीही नसते. वृत्ताची मात्रान्मात्रा मोजणाऱ्या मित्रांनी या गद्य लिहिणाऱ्याला आपल्यात बसवून घेतले. त्याला कवी करण्याचा खटाटोप कोणी केलेला दिसत नाही. मी येथे बराच वेळ थांबलो. आमच्या शनिवारी मी याच्या बरोबर उलटे करीत होतो. प्रत्येकाच्या लेखातून मला माझी कादंबरी काढायची होती.

मंडळाचे सगळेच गोडगोड होते असे कोणी समजू नये. आपलेच आठ-नऊ श्रोते असले की कान हळूहळू सैल पडतो. तेच ते चांदणे, तीच प्रेमविव्हलता, तेच 'सखे' आणि तेच उसासे मंडळाच्या कवितेत वाढत गेले. जाहीर काव्यगायनाची प्रथा या मंडळींनी गावोगाव नेली. लोक कविता ऐकायला तिकिटाच्या नाटकाला जमावे तसे जमू लागले, हे त्यांचे मोठेच कार्य. पण टाळ्यांची सवय लागलेली कविता टाळीच्या जागा शोधू लागते, हेही तितकेच खरे. घरातल्यांना जे सांगवले नाही ते बाहेरच्याने सांगितले. तो बाहेरचा म्हणजे दुसरा एक पुणेकर मास्तर, कँपातल्या शाळेचा हेडमास्तर, प्रल्हाद केशव अत्रे. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' उधळली आणि मंडळाच्या लकबींची अशी विडंबने केली, की मूळ कविता विसरलेले लोक विडंबने म्हणून दाखवू लागले. बोचले असेलच. पण पुढे अत्रे आणि घाटे यांनीच मिळून नवयुग वाचनमाला तयार केली आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी ती वाचली. मास्तरांची भांडणे पाठ्यपुस्तकापाशी मिटतात असे दिसते!

आणखी एक गोष्ट मला मंडळाच्या पदरात टाकावीशी वाटते. 1924 च्या सुमारास माधवरावांना फर्ग्युसनची नोकरी सोडावी लागली. खाजगी आयुष्यावरून गावात बोलबाला झाला होता. त्याचा चिवडा येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते प्राध्यापक झाले 1928 साली. मधली वर्षे ओढगस्तीची. याच वर्षांत त्यांचा फार्सी-मराठी कोश निघाला, 'विरहतरंग' निघाले, 'छंदोरचना'ची पहिली आवृत्ती निघाली. पुढे याच 'छंदोरचने'वर मुंबई विद्यापीठाने त्यांना 1938 साली डी. लिट. दिली. पाठीला पगार नसताना माणूस शब्दकोशासारखे कष्टाचे काम पुरे करतो, ते कशाच्या बळावर? विद्वत्ता होतीच, जिद्दही होती. पण रविवारी आपले कोणीतरी ऐकणार आहे हेही त्यात असलेच पाहिजे.

हे केवळ आपल्याकडचेच नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्डला टोलकीन आणि लुईस हे दोघे प्राध्यापक काही स्नेह्यांसह आठवड्याच्या आठवड्याला जमत आणि लिहिलेले वाचून दाखवीत. टोलकीनचे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वर्षानुवर्षे असेच तुकड्यातुकड्यांनी वाचले गेले आणि 1954-55 साली पुस्तकरूपाने आले. लुईसकडून आपल्याला काय मिळाले हे टोलकीनने पुढे सांगितले, त्यात सुधारणांची यादी नाही. लुईसने उत्तेजन दिले, दीर्घकाळ तोच एक श्रोता होता, आणि तो नसता तर पुस्तक पुरे झाले नसते, एवढेच तो म्हणाला.

रविकिरण मंडळ 1935 च्या आसपास विरले. तोवर मनोरमाबाई अल्पवयातच निवर्तल्या होत्या, दिवाकर गेले होते, माडखोलकर नागपुरात वृत्तपत्र आणि कादंबरी यांत रमले होते, माधवराव कोल्हापुरी भाषाशुद्धीच्या नादी लागून आपल्याच जुन्या कवितांतले फार्सी शब्द वेचून काढीत होते. फार्सीच्या प्राध्यापकाने फार्सी हद्दपार करावी, या प्रकाराकडे मंडळाच्या जुन्या रविवारी कोणी कशा नजरेने पाहिले असते, कोण जाणे. 1939 साली तेही गेले. पुढे मर्ढेकर आले, आणि रविकिरण मंडळाला नाक मुरडणे ही समीक्षकांची एक रीतच होऊन बसली. असो.

इतके वाचून झाल्यावर सहामाही परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेत गेलो. सर परीक्षानळ्या मोजून कपाटात ठेवीत होते. मी म्हणालो, "सर, उद्या मी वाचणार आहे. नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण. अडले आहे. तुम्ही ऐकायला हवे."

"मी शास्त्राचा माणूस," ते नळी उजेडात धरून म्हणाले. "मला त्यातले काय कळणार?"

"म्हणूनच."

ते आले. खिडकीजवळच्या आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. मी चौदा पाने वाचली. तीन कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाचा आवाज इतका कापत असेल हे मला ठाऊक नव्हते. वाचून झाले तेव्हा मामांनी चहाची किटली हातातच धरून ठेवली होती. बाई टेबलावरचा खडू उगाच सरकवीत होत्या. मला वाटले, कोणीतरी लवकर काहीतरी बोलावे.

सरांनी चष्मा पुसला. "त्या बाईचे नळावरचे भांडण झकास आहे," ते म्हणाले, "मला आमचा वाडा आठवला." मग थोडे थांबून, अगदी सौम्यपणे, "फक्त पहिली दोन पाने काढून टाका, सर."

सगळे हसले. सर्वांत आधी मामा. मी घरी येऊन ती दोन पाने काढली. सरांची सहा पाने आता आठ झाली आहेत. सुट्टी संपली की पहिल्या शनिवारी त्यांचा नंबर आहे.