शंभराचा शेअर, सत्तरचा बाजार

एका जर्मन रेल्वे कंत्राटदाराने मॉस्कोच्या कोठडीत बसून आत्मचरित्र लिहिले. १८७६ साली ते बर्लिनमध्ये छापले गेले. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : ‘डॉ. स्ट्राउसबर्ग आणि त्यांचे कार्य, त्यांनी स्वतःच सांगितलेले’. बेथेल हेन्री स्ट्राउसबर्गचा माग काढायचा तर हे पुस्तक टाळता येत नाही आणि त्याच्यावर विसंबताही येत नाही. लिहिणारा आरोपी होता, दिवाळखोर होता. बर्लिनच्या कचेरीतले करारनामे त्या कोठडीत त्याच्या हाताशी असतील, असे वाटत नाही. म्हणून त्याचा एकेक दावा दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायला हवा.

सुरुवातीचा भाग झटपट उरकता येतो. जन्म २० नोव्हेंबर १८२३, पूर्व प्रशियातल्या नाइडेनबुर्गला, ज्यू घरात. मूळ नाव बारुख हिर्श. लहानपणीच पोरका होऊन तो लंडनला नातलगांकडे गेला, तिथे ख्रिस्ती झाला, नाव बदलले, १८४५ मध्ये मेरी ॲन स्वान हिच्याशी लग्न केले. १८५०च्या दशकाच्या मध्यावर तो बर्लिनला परतला, तो एका इंग्रज विमा कंपनीचा प्रतिनिधी म्हणून. अभियंत्याचे शिक्षण नाही, वडिलोपार्जित भांडवल नाही. मग रेल्वे कशी बांधली?

पहिला धागा तिल्झिट–इन्स्टरबुर्ग मार्गाचा. १८६५ मध्ये सुरू झालेल्या या मार्गात पैसा इंग्रज भांडवलदारांचा होता आणि स्ट्राउसबर्ग त्यांचा मध्यस्थ. कंत्राटाची आतली बाजू त्याने याच वाटाघाटींत पाहिली असावी. हा माझा तर्क. पण पुढचा क्रम त्याला पोषक आहे. कारण लगेचच्या बर्लिन–ग्योर्लिट्झ मार्गावर तो स्वतः मुख्य कंत्राटदार म्हणून उभा आहे. १८६६ च्या सप्टेंबरात हा मार्ग कॉटबुसपर्यंत पोहोचला आणि १८६७ संपता संपता ग्योर्लिट्झपर्यंत.

त्याची रीत समजून घ्यायला एक हिशेब मांडू. आकडे केवळ सोयीचे आहेत. शेअरची दर्शनी किंमत शंभर. कायद्याच्या नजरेत कंपनीने तो शंभरालाच द्यायला हवा. बाजार मात्र सत्तरच्या वर जात नाही. मग कंपनी तो लोकांना विकतच नाही. कंत्राटदार संपूर्ण बांधकामाचा ठेका एकरकमी घेतो आणि मजुरी, रूळ, जमीन या सगळ्यांचा मोबदला शेअरच्या रूपात, शंभराच्या भावाने स्वीकारतो. पुढे तो ते सत्तरला विकतो. वरच्या तिसाची तूट त्याने ठेक्याच्या रकमेत आधीच चढवलेली असते. कागदावर कंपनीचे भांडवल पूर्ण. जमिनीवर सत्तर रुपयांचेच काम, त्यातही कंत्राटदाराचा नफा धरलेला.

इथे पुरावा विलक्षण जुळतो. ७ फेब्रुवारी १८७३ रोजी प्रशियाच्या विधिमंडळात एडुआर्ड लास्कर यांनी रेल्वे परवान्यांतल्या गैरप्रकारांवर भाषण केले आणि या पद्धतीवर घणाघात केला. व्यापारमंत्री इट्झेनप्लिट्झ यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. आणि आरोपीचे पुस्तक? ते ही रीत नाकारत नाही. कायदाच असा होता की दुसऱ्या वाटेने रेल्वे झाली नसती, असा त्याचा बचाव आहे. फिर्यादी आणि आरोपी यंत्रणेच्या वर्णनावर सहमत असतील, तर तेवढा भाग सिद्ध धरायला हरकत नाही. वाद उरतो तो हेतूचा.

रुमानियाचे प्रकरण वेगळे, आणि इथे तारखाच बोलतात. १८६८ चा परवाना : रोमान, गलात्स, बुखारेस्ट, व्हर्चिओरोव्हा अशी नऊशेहून अधिक किलोमीटरची लाइन, दर किलोमीटरला २,७०,००० फ्रँक. सोबत राटिबोर आणि उयेस्टचे ड्यूक, शिवाय काउंट लेहनडॉर्फ. नावे पाहूनच जर्मन गुंतवणूकदारांनी साडेसात टक्क्यांचे रोखे घेतले असतील, असे म्हणायला जागा आहे. १८६९ मध्ये एंगल्सने मार्क्सला लिहिलेल्या पत्रात स्ट्राउसबर्गची थट्टा आहे : हा आता जर्मनीचा सम्राटच होणार! थट्टा हा हिशेबाचा पुरावा नव्हे, पण लोकांच्या तोंडी कोणाचे नाव होते, हे त्यातून कळते.

१ जानेवारी १८७१ ला रोख्यांवरचे व्याज देय होते. ते दिले गेले नाही. फ्रान्सशी चाललेले युद्ध आणि आटलेला पैसा हे स्ट्राउसबर्गचे कारण. ते अंशतः खरे असेल. पण बांधकाम चालू असतानाचे व्याज त्यानेच भरायचे होते, आणि ते नव्या रोख्यांच्या विक्रीवर अवलंबून ठेवण्याचा निर्णय युद्धाच्या आधीचा दिसतो. शेवटी बिस्मार्कला मध्ये पडावे लागले; बँकर ब्लाइखरोडर आणि डिस्कोंटो-गेझेलशाफ्ट यांनी रेल्वेचे काम अंगावर घेतले. जर्मनीने रुमानियाच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली ती १८८० मध्ये, रुमानियाने ही रेल्वे विकत घेण्याचा प्रश्न मार्गी लागल्यावर.

काही पुरावे कागदाबाहेरचेही. हॅनोव्हरजवळच्या लिंडेनमध्ये त्याने १८६८ मध्ये इंजिनांचा कारखाना घेतला आणि कामगारांसाठी घरे बांधली. त्या वस्तीला लोक ‘छोटे रुमानिया’ म्हणत. कारखान्याकडे मागण्या कुठून येत होत्या, हे एका टोपणनावात आले!

१८७५ मध्ये मॉस्कोची कमर्शियल लोन बँक बुडाली. तिचा मोठा कर्जदार म्हणून स्ट्राउसबर्ग रशियात पकडला गेला. खटला होऊन हद्दपारीची शिक्षा झाली. ३१ मे १८८४ रोजी तो बर्लिनमध्ये वारला, जवळजवळ निष्कांचन. वास्तुविशारद ऑगस्ट ओर्ट यांनी त्याच्यासाठी विल्हेल्मश्ट्रासवर बांधलेला वाडा तेव्हा ब्रिटिश वकिलातीकडे होता. ब्रिटिश सरकारने तो विकत घेतला, तो त्याच वर्षी.