अफूसदृश वेदनाशामके : तंत्रिका-इजेनंतरची घट

तंत्रिका, म्हणजे बोलीतली नस, दुखावल्यानंतर जडलेल्या वेदनेसाठी महिनोन्‌महिने घेतलेली ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फीन, फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फीन ही औषधे टप्प्याटप्प्याने उतरवून बंद करण्याची वैद्यकीय प्रक्रिया. नोंदीत मुख्यतः मुंबईच्या परळ-लालबाग-दादर-गिरगाव पट्ट्याचा संदर्भ घेतला आहे. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील वेदनोपचार येथे विचारात घेतलेला नाही.

वेदनेचे स्वरूप : दुचाकीच्या अपघातात खांद्याजवळची भुजाजालिका, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, ताणली वा उपटली जाणे, शस्त्रक्रियेत नस कापली जाणे, मणक्यातील चकतीखाली नस दीर्घकाळ दबणे ही नेहमीची कारणे. रुग्ण ‘आग होते’, ‘करंट मारतो’, ‘मुंग्या येतात’, ‘सदऱ्याची बाहीसुद्धा लागू देववत नाही’ अशा शब्दांत दुखणे सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातील जखमींवरून डॉ. वीर मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये या जळजळत्या वेदनेचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या रुग्णालयात तिच्यावर मॉर्फीनचीच टोचणी दिली जाई. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. त्यामुळे खांद्याजवळच्या इजेनंतर तळहातापर्यंत वाढ पोहोचायला दीड वर्ष वा अधिक काळ लागतो, आणि मेरुरज्जूपासून मुळासकट उपटलेली तंत्रिका आपोआप जुळत नाही. काही दिवसांसाठी लिहिलेली गोळी वर्षभर चालू राहण्यामागे रुग्णाच्या दुबळेपणापेक्षा हा संथ वेगच अधिक असतो.

या वेदनेवर अफूसदृश औषधांचा गुण मर्यादित आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत पहिले स्थान गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन, ड्युलॉक्सेटिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या गटाला आहे. ट्रॅमाडॉल दुसऱ्या फळीत आणि मॉर्फीनसारखी तीव्र औषधे तिसऱ्या फळीत येतात. दीर्घ सेवनाने काहींची वेदनासंवेदना उलट वाढते. अशा वेळी मात्रा वाढवीत नेणे हा उपाय नव्हे.

अवलंबन आणि व्यसन : काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर औषधाला सरावते व ते अचानक थांबताच प्रतिक्रिया देते. हे शारीरिक अवलंबन होय. ते सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्या कोणालाही होऊ शकते. हानी दिसत असूनही अनिवार ओढीने घेत राहणे हे व्यसन. केस पेपरवर या दोहोंची गल्लत झाली की रुग्ण लपवाछपवी करू लागतो आणि उपचार तिथेच बिघडतो.

अचानक थांबविल्यास जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांत चैन न पडणे, निद्रानाश आणि मूळ वेदनेचा उसळा दिसतो. ‘गर्द’च्या व्यसनींत या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. अल्पकाळ टिकणाऱ्या औषधांच्या बाबतीत ती ८ ते २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. झोप व मनःस्थिती सावरायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांवरही परिणाम करीत असल्याने ते सुटताना काही रुग्णांना तीव्र घबराट, भास किंवा संभ्रम होतो.

घटीची पद्धत : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये, औषध एकाएकी तोडल्याने तीव्र वेदना, मानसिक क्लेश आणि आत्महत्या घडल्याचा इशारा दिला. तेथील रोगनियंत्रण केंद्रांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार वर्षभर वा अधिक काळ औषध घेतलेल्यांची मात्रा महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही संथ गतीने उतरवावी. मधे थांबण्यास हरकत नाही. परत वर चढणे शक्यतो टाळावे.

हिशेब कागदावर सोपा दिसतो, पण गोळ्या त्याप्रमाणे मिळत नाहीत. दिवसाला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ट्रॅमाडॉलची कमाल मात्रा, घेणाऱ्याचा पहिला टप्पा ४० मिलिग्रॅमचा ठरतो, तर कॅप्सूल ५० ची असते व ती अर्धी करता येत नाही. म्हणून एक कॅप्सूल कमी करून त्या टप्प्यावर अधिक काळ थांबतात, किंवा ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल व ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांची संयुक्त गोळी वापरतात. तसे केल्यास दिवसभरातील एकूण पॅरासिटामॉल मोजावे लागते. संथ विरघळणारी गोळी तोडू वा चावू नये. शेवटचे टप्पे सर्वांत कठीण. तेथे गती आणखी मंद करावी.

त्याआधी नसेच्या वेदनेवरील औषध पुरेशा मात्रेत बसलेले असावे. ट्रॅमाडॉलबरोबर ड्युलॉक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देताना झटके व सेरोटोनिनचा अतिरेक यांवर लक्ष ठेवावे लागते. प्रीगॅबॅलिन आणि अफूसदृश औषध मिळून श्वसन मंदावू शकते, आणि प्रीगॅबॅलिनही एकदम सोडता येत नाही. लक्षणांसाठी क्लोनिडीन देतात. त्याने रक्तदाब उतरतो. बंद झालेली गोळी जुन्याच मात्रेत पुन्हा घेणे प्राणघातक ठरू शकते, कारण शरीराची सहनशक्ती तोवर ओसरलेली असते. घरच्यांना हे आधीच सांगितलेले असावे.

गिरणगावातील पूर्वपीठिका : मुंबईच्या अफूविषयीची कागदपत्रे विपुल आहेत, पण त्यांतील बहुतेक व्यापाराची. माळव्याची अफू या बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात धन मिळविलेल्या जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ मध्ये भायखळ्याचे रुग्णालय उभे राहिले. कष्टकऱ्यांच्या घरातील अफूची नोंद ‘बाळागोळी’च्या रूपाने सापडते. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजविण्यासाठी अफूची ही गोळी देत. डॉ. बार्न्स यांनी गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांविषयी १९२२ मध्ये दिलेल्या अहवालात तिची गंभीर दखल घेतली, आणि १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही ती आली. आयोगाने पाळणाघरांचाही आग्रह धरला. आई कामावर असताना मूल कोण सांभाळणार, या प्रश्नाला त्यात उत्तर होते. गोळी ज्या गरजेपोटी आली ती गरज भागविल्याखेरीज गोळी सुटत नाही, हा धडा आजच्या वेदनारुग्णालाही लागू पडतो.

कायदा : १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानंतर परवान्यांच्या जाचाने देशातील वैद्यकीय मॉर्फीनचा वापर इतका घसरला की १९९७ मध्ये तो १८ किलोंच्या आसपास आला. २०१४ ची दुरुस्ती व २०१५ चे नियम यांनी मॉर्फीन, कोडीन, फेंटॅनिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन यांना अत्यावश्यक ठरवून मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवण्याची वाट मोकळी केली. ट्रॅमाडॉल २६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून या कायद्याखाली आले. त्यापूर्वी दुकानातून सहज मिळणारी गोळी त्यानंतर अडली, आणि उतरवण्याचा आराखडा हाती नसलेल्या रुग्णांवर ती एकाएकी तुटण्याची वेळ येऊ शकते. वैयक्तिक उपचारासाठी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या १०० मात्रांपर्यंत, व डॉक्टरांनी दीर्घ उपचारासाठी तसे खास लिहून दिल्यास ३०० पर्यंत, जवळ बाळगण्याची मुभा नियम ६६ मध्ये आहे. चिठ्ठीवर घटीचे टप्पे व तारखा लिहिलेल्या असाव्यात.

मुंबईतील उपचारसोयी : परळला टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) व के. ई. एम. रुग्णालय (१९२६) शेजारी आहेत. पहिल्यातील वेदनोपचाराचा अनुभव दीर्घ आहे, पण तो कर्करोगाभोवती वाढला. के. ई. एम.मध्ये बधिरीकरणशास्त्र, तंत्रिकाशास्त्र, मनोविकार व भौतिकोपचार हे विभाग एकाच आवारात असून घटीला हे चारही लागतात. त्यांतून एकाच डॉक्टरने जबाबदारी घेणे निर्णायक ठरते. व्यसन जडलेल्यांसाठी पुण्याचे मुक्तांगण (१९८६) हे मराठी कुटुंबांच्या परिचयाचे केंद्र. वेदनारुग्णाला मात्र सरसकट तेथे धाडणे प्रस्तुत संकलकाला योग्य वाटत नाही.

मतभेदाचे मुद्दे : ट्रॅमाडॉलच्या एका मिलिग्रॅमशी समतुल्य मॉर्फीनचे प्रमाण अमेरिकी रोगनियंत्रण केंद्रांच्या हिशेबात २०१६ मध्ये ०.१ मानले जाई, २०२२ मध्ये ०.२. अधिक मात्रेवरील स्थिर रुग्णांची औषधे उतरवावीत की नाहीत, यावर एकमत नाही. २०२१ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात घटीनंतर अतिमात्रा व मानसिक संकटे वाढलेली आढळली. ब्युप्रेनॉर्फीनवर वळवून मग उतरवावे, असे मानणारा पक्ष बळावत आहे.

गर्भारपण : औषध अचानक थांबवू नये.

मदत : व्यसनविषयक राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ या विनामूल्य आहेत. घट चालू असताना जीव नकोसा वाटू लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.