तापमान काटा, मोटारीचा (बिघाड व तपासणी)

इंजिनातून फिरणाऱ्या पाण्याचे तापमान चालकापुढच्या मीटरवर दाखवणारे उपकरण. ‘काटा वर जातोय’ ही जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत उन्हाळ्यात सर्रास येणारी तक्रार. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जात असल्याने दोष बहुधा उन्हाला दिला जातो. तो अर्धाच खरा असतो. हवा 25 अंश असताना 95 अंशांच्या पाण्याला मिळणारा 70 अंशांचा फरक 45 अंशांच्या हवेत 50 वर येतो आणि रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता त्या प्रमाणात घटते. तरीही पंखा, पंप आणि रेडिएटर ठीक असलेल्या गाडीचा काटा एवढ्याने मध्य सोडत नाही.

रचना : काट्याला खबर देतो तो इंजिनावर बसवलेला सेन्सर. तापेल तसा त्याचा रोध घटतो. एका प्रचलित जातीच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर 80 अंशांना तीनशेच्या किंचित वर भरतो. पुस्तकांतले ‘थंड’ माप 20 अंशांचे असते. भुसावळला भर दुपारी सावलीत उभ्या, बंद गाडीत हाच सेन्सर हजाराच्या आसपास दाखवील. तेवढ्यावरून तो बाद ठरवणे चूक.

तपासणी : आधी पाणी, मग वायर, शेवटी मीटर. इंजिन थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. झाकणाच्या दाबाखाली पाणी 100 अंशांच्या पुढेही न उकळता राहते आणि झाकण निघताच उसळते. पाणी पुरेसे असेल तर जुन्या, एका तारेच्या सेन्सरची (अँबॅसडर, काळीपिवळीतल्या जुन्या जीप) वायर काढून चावी फिरवतात. काटा ‘सी’वर पडला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली, की काटा ‘एच’कडे धावला पाहिजे. दोन्ही झाले तर मीटर व वायर निर्दोष, सेन्सर संशयित. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर ती वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. वायर थेट टेकवावी की मध्ये छोटा बल्ब जोडावा, याबाबत मिस्त्रींत एकमत नाही. बल्ब जोडणे सुरक्षित.

अशा सेन्सरचा परतीचा मार्ग त्याच्या आट्यांतून जातो. गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉन पट्टी जाड गुंडाळली, तर नवा सेन्सरही चुकीचे दाखवतो. हेडलाइट लावताच काटा हलत असेल, तर इंजिनाची अर्थिंग पट्टी घासून घट्ट करावी. इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम चुकू लागले, तर मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर पाहावा. बोअरचे जड पाणी भरत राहिल्यास सेन्सरच्या टोकावर क्षार साचतात व काटा उशिरा बोलतो.

खोटा थंड काटा : सर्वांत घातक प्रकार, आणि नेमका याचीच तक्रार घेऊन कोणी येत नाही. गळतीने पाणी सेन्सरखाली उतरले, की त्याचे टोक कोरडे पडते. इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना, किंवा धुळे-सुरत रस्त्यावर कोंडाईबारीत, चढावरच काटा खाली आला तर गाडी बाजूला घ्यावी. इंजिन चालू असताना हीटर लावून पाहावा. (मे महिन्यात हीटर लावा म्हटले, की इकडे लोक हसतात.) इंजिन तापलेले असूनही हीटरची हवा थंडच आली, तर पाणी फिरत नाही असे समजून इंजिन बंद करावे.

थर्मोस्टॅट : इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा व्हॉल्व्ह उन्हाळ्यात काढून टाकण्याची रीत जुनी आहे. काढल्यावर हिवाळ्याच्या सकाळी काटा मध्यापर्यंत चढत नाही, आणि मग निर्दोष सेन्सर बदलला जातो. काढण्याच्या फायद्याबाबत मतभेद आहेत.

दुरुस्ती : सेन्सर दुरुस्त होत नाही, बदलतात.

नव्या गाड्या : अनेकांत काटाच नाही, थंडला निळा, गरमला लाल दिवा. वायर टेकवण्याची युक्ती येथे करू नये, स्कॅनर लावावा. सेन्सरची वायर तुटल्यास बऱ्याच गाड्यांत संगणक खबरदारी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो.