४-मेथिल अंबेलिफेरोन : पुण्यातील संश्लेषण आणि एंझाइममापन

एंझाइमांची क्रियाशीलता अनुस्फुरणाने मोजण्याच्या पद्धतींत ४-मेथिल अंबेलिफेरोन या कुमारिनाचे स्थान मोठे आहे. रेसॉर्सिनॉल व एथिल ॲसिटोॲसिटेट यांच्यावर संहत सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करून पेखमान व ड्यूसबर्ग यांनी ते १८८३ मध्ये तयार केले. महाराष्ट्राच्या रसायनेतिहासात मात्र त्याचा प्रवेश निराळ्या वाटेने झाला.

रेसॉर्सिनॉलाच्या दोन हायड्रॉक्सिल गटांमधील स्थानी ॲसिल गट बसविणे अवघड असते. तो बहुधा चौथ्या स्थानी जातो. पुण्याच्या रानडे औद्योगिक व आर्थिक संस्थेतील द. बा. लिमये यांनी १९३२ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. कुमारिनात ते चौथे स्थान वलयाने आधीच व्यापलेले असते. म्हणून त्यांनी ४-मेथिल अंबेलिफेरोनाचे एस्टर निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडासह तापवून ॲसिल गट कुमारिनाच्या आठव्या स्थानी नेला आणि नंतर अल्कलीने वलय फोडून इष्ट पदार्थ मिळविला. हीच ‘निधोन प्रक्रिया’ होय.

लिमये यांच्या दृष्टीने वलय हे तात्पुरते कुंपण होते. कार्य होताच ते मोडावयाचे. लंडनमध्ये मीड, स्मिथ व विल्यम्स यांनी १९५५ मध्ये त्याच पदार्थाच्या निळ्या प्रकाशाचा उपयोग केला. त्याचा हायड्रॉक्सिल गट ग्लुकुरोनिक अम्लाशी बांधला म्हणजे हा प्रकाश दबतो. बीटा-ग्लुकुरोनिडेज हा बंध तोडते आणि अल्कधर्मी माध्यमात तो पुन्हा प्रकटतो. त्याच्या तीव्रतेवरून मुक्त झालेला पदार्थ, व त्यावरून एंझाइमाची क्रिया मोजता येते. रॉबिन्सन यांनी १९५६ मध्ये हेच तत्त्व बीटा-ग्लुकोसिडेजास लावले.

एश्चेरिकिया कोलाय या जंतूच्या बहुतेक प्रकारांत बीटा-ग्लुकुरोनिडेज असते. त्यामुळे हाच ग्लुकुरोनाइड पुढे पाण्याच्या परीक्षेतही उपयोगी पडला. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील विद्यार्थ्यास या परीक्षेचे महत्त्व सांगावे लागू नये.

तथापि पुण्याच्या कार्यातून लंडनची पद्धत उद्भवली, असे म्हणणे अभिमानास रुचले तरी इतिहासास धरून होणार नाही. या दोन्ही धारांचा उगम १८८३ च्या संश्लेषणात आहे. एकीने वलयाचा त्याग साधला, दुसरीने त्याचा प्रकाश. लिमये यांचे श्रेय त्यांच्या प्रक्रियेनेच सिद्ध आहे. त्यास उसन्या वारशाची गरज नाही.