अंदाजाचा चहा

सामन्याच्या दिवशी आमच्या नंदुरबारच्या शाखेत सकाळीच अंदाजाच्या चिठ्ठ्या जमतात. ज्याचा अंदाज खरा, त्याला एक चहा. हे बक्षीस कधी वाढले नाही.

मी पडलो वाणिज्याचा पदवीधर. जमा-नावे पाहिल्याशिवाय मला क्रिकेटही कळत नाही. १९९३ च्या सुमारास दूरदर्शन सामना दाखवण्याचे पैसे क्रिकेट मंडळाकडूनच मागायचे! सामन्यामागे पाच लाख! हीरो कपावरून भांडण कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, प्रसारणाच्या लहरी जनतेच्या आहेत, त्यावर कुणाचीही मक्तेदारी नाही. झाले! नावेची रक्कम जमेला आली. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांचे मंडळाला ४८,३९० कोटी मिळाले.

लहरी जनतेच्या, डोळेही जनतेचे, जाहिराती पाहणारी जनताच. मग आमच्या खात्यात काय जमा झाले? मोबाइलवर पैसे लावून अंदाज बांधायचे खेळ निघाले, त्यात उलट आमचेच गेले. २०२५ च्या कायद्याने तेही बंद झाले. आमच्या चिठ्ठ्या मात्र चालूच आहेत.

परवा मी जिंकलो. चहा आला. सगळ्या बँकेत कुणाकडे सुट्टे नव्हते, म्हणून पैसे मीच दिले.