‘द इपक्रेस फाइल’ : आडोशातून टिपलेले हेरविश्व

सन १९६५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द इपक्रेस फाइल’ हा ब्रिटिश हेरपट कथेपेक्षा दृश्यशैलीसाठी अधिक ओळखला जातो. लेन डेटन यांच्या १९६२ मधील कादंबरीवर आधारित या चित्रपटाचे दिग्दर्शन सिडनी जे. फ्युरी यांनी केले. निर्माते हॅरी साल्ट्झमन, संकलक पीटर हंट, कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम आणि संगीतकार जॉन बॅरी ही सारी मंडळी जेम्स बॉण्डच्या चित्रपटांतील. तरीही पडद्यावर अवतरले ते बॉण्डच्या नेमके उलट जग.

मायकेल केन यांनी साकारलेला हॅरी पामर चष्मा लावतो, सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो, स्वतः स्वयंपाक करतो आणि पगारवाढीची चौकशीही करतो. श्रेयनामावलीच्या वेळी नुकत्याच जागा झालेल्या पामरला दिसणारी खोली धूसर असते. चष्मा चढवताच ती स्पष्ट होते.

छायाचित्रकार ऑटो हेलर यांनी कॅमेरा सरळ समोर क्वचितच ठेवला. कधी तो जमिनीलगत, कधी छताजवळ, तर कधी दिव्याच्या किंवा दाराच्या आडोशाला असतो. रॉयल अल्बर्ट हॉलबाहेरील मारामारी तर टेलिफोन बूथच्या काचांतून दिसते. त्यामुळे ती अधिकच अस्वस्थ करते. चित्रीकरण टेक्निस्कोप तंत्राने झाले. त्यात प्रत्येक चौकटीसाठी नेहमीच्या निम्मीच फिल्म लागे. साध्या भिंगांवर रुंद प्रतिमा मिळत असल्याने जवळची वस्तू आणि दूरची व्यक्ती एकाच चौकटीत स्पष्ट राखणे सोपे जाई.

ही शैली केवळ नजरेचा चमत्कार नव्हे. ज्या व्यवसायात प्रत्येक जण दुसऱ्यावर पाळत ठेवतो आणि वरिष्ठांवरही विश्वास ठेवता येत नाही, तिथे प्रेक्षकालाही चोरून पाहणारा साक्षीदार बनवणे, हा तिचा गाभा आहे. कथेतील फितुरी उघड होण्याआधीच कॅमेरा संशय पेरून ठेवतो.

ब्रिटिश अकादमीने या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा पुरस्कार दिला. रंगीत चित्रपटांच्या विभागात हेलर यांच्या छायाचित्रणाचा आणि अ‍ॅडम यांच्या कलादिग्दर्शनाचाही गौरव झाला. पुढे ‘फ्युनरल इन बर्लिन’ (१९६६) आणि ‘बिलियन डॉलर ब्रेन’ (१९६७) हे पामरपट आले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९९ मधील शंभर ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत ‘इपक्रेस’ला ५९वे स्थान मिळाले. २०२२ मध्ये आयटीव्ही वाहिनीने याच कादंबरीवर मालिका सादर केली, तेव्हा तिनेही तिरक्या चौकटींचा वारसा आवर्जून जपला.